औषध वाढलं

"टाकीपाशी उभे राहा, तिथंच रेंज येते," उज्ज्वला मला सांगत होती. जसा काही मी त्या घरात कालच राहायला आलो होतो.

"टाकीवर चढूनच बसतो की," मी म्हटलं. "नाही आली रेंज तर घालतो उडी."

एरवी ती हसली असती, निदान शिवी तरी दिली असती. त्या दिवशी तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. फोन तिच्याच हातात होता आणि ती तो मला देणारही नव्हती.

रविवार होता, दुपार टळत आलेली. चाकणला घरमालकाच्या गच्चीवर आम्ही दोघं उन्हात उभे होतो. राहायला खाली एक खोली. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला, ती दुसऱ्या कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर. आणि आमची तनुजा, साडेतीन वर्षांची, गावी माझ्या आईकडे. गाव परांडा तालुक्यात. आई त्या दिवशी तनूला घेऊन बार्शीला गेली होती, मुलांच्या डॉक्टरांकडे, तपासणीला.

तनू दीड वर्षाची असताना तापात तिला फिट आली. लहान पोरांना तापात येते म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. पुढे ताप नसतानाही यायला लागली. मग बार्शीच्या डॉक्टरांनी गुलाबी रंगाचं एक पातळ औषध चालू केलं. सकाळ-संध्याकाळ द्यायचं, एक वेळही चुकवायचं नाही, असं बजावून सांगितलं. त्या औषधाने फिट थांबल्या. आमची माय इतकी काटेकोर की औषधाची वेळ झाली की शेतातनं पळत घरी यायची. वर्ष उलटून गेलं, एकदाही फिट आली नाही. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, असंच राहिलं तर औषध हळूहळू कमी करत आणू.

ते कमी होण्यावर आमचं सगळं अडलेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पाळणाघर होतं. तिथल्या बाई सज्जन, पण बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "फिटचं औषध पूर्ण चालू असलेलं मूल मी घेत नाही. एवढ्या पोरांत मी एकटी. काही झालं तर तुम्ही येईपर्यंत मी काय करू? औषध कमी व्हायला लागलं एवढा डॉक्टरांचा शब्द आणा, दुसऱ्या दिवशी पोरगी सोडा."

उज्ज्वलाने तेव्हापासून घर आवरायला घेतलं होतं. पलंगाखालची माझी हत्यारांची पेटी दाराबाहेर गेली. भिंतीला लागून एक छोटी गादी आली. मी म्हणायचो, "तनू आली की मला कुठं झोपवणार, जिन्यात?" ती म्हणायची, "तुम्ही सेकंड शिफ्टच घ्या कायमची."

मी चेष्टा करायचो, पण मला कळत होतं. उज्ज्वलाची आई ती लहान असतानाच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि हिला पाचवीत मुलींच्या वसतिगृहात घातलं. बारावीपर्यंत ती तिथेच होती, दिवाळीलासुद्धा पुष्कळदा तिथेच. दर रविवारी पोरींच्या आया भेटायला यायच्या, तेव्हा ही संडासात जाऊन बसायची, असं तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. आणि आता तिची स्वतःची पोरगी तिला महिन्यातून एकदा भेटत होती. भेटली की पहिला दिवस लाजायची, दुसऱ्या दिवशी रुळायची आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघायचो.

फोन लागला. आईकडे मी दिलेला साधा फोन होता. आलेला फोन उचलण्यापलीकडे तिला त्यातलं काही जमायचं नाही.

"हां आत्या," उज्ज्वला म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. "झाली का तपासणी? काय म्हणाले डॉक्टर?"

आई परतीच्या एसटीत होती. इंजिनाची घरघर मला शेजारी उभ्याउभ्या ऐकू येत होती, आईचं बोलणं मात्र नाही.

"बरी आहे म्हणाले? हो का? मग? काय? आत्या, आवाज येत नाही, परत बोला. काय वाढलं? औषध वाढलं? हॅलो. आत्या?"

फोन तुटला. उज्ज्वला टाकीच्या कठड्यावर बसली.

"काय म्हणाली आई?"

"पोरगी बरी आहे म्हणे. पण औषध वाढलं."

"वाढलं? का?"

"मला काय माहिती. तिकडनं बघा, असं काहीतरी म्हणत होत्या, तेवढ्यात कट झाला. काय बघू मी इकडून? काय बघायचं राहिलंय आता?"

मी परत फोन लावून पाहिला. गाडी रेंजच्या बाहेर गेली की काय कोण जाणे, फोन लागेचना. दोनचारदा लावला आणि सोडून दिला. खरं सांगतो, असली बातमी आल्यावर माणूस किती मिली वाढलं नि कशामुळे वाढलं हे विचारत बसत नाही. लागायचं ते लागून गेलेलं असतं. उज्ज्वला रडत होती आणि मी तिला काहीबाही सांगत होतो. अजून एक वर्ष. वर्ष काय, बघता बघता जाईल. ती म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय. वर्षाने ती मला मावशी म्हणेल."

त्या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट होती. कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागायचा. मी सुटून येईपर्यंत गावाकडे सगळं झोपलेलं. त्यामुळे त्या आठवड्यात आईशी मी बोललो नाही, उज्ज्वलाच बोलली. मंगळवारी संध्याकाळी त्या दोघींचं जे बोलणं झालं ते मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींचं अगदी जुळलं. म्हणून तसंच्या तसं सांगतो.

उज्ज्वलाने विचारलं, "तनू कशी आहे?"

आई म्हणाली, "चिरचिर लई करती गं. नीट झोप न्हाई. मधीच दचकून उठती."

"औषधाने होत असेल, आत्या."

"त्यानंच हुतंय. दुसरं काय कारन हाय?"

"हं."

"मग त्या औषधाचं काय करायचं म्हनतीस?"

"आपण काय करणार? डॉक्टर म्हणतील ते खरं. चालू द्या आहे तसं. होईल तिला सवय."

आई म्हणाली, "बरं बाई. तू म्हनतीस तर तसं."

एवढंच बोलणं. मग तनूला फोनवर घेतलं. तनूने नेहमीप्रमाणे "आई, काय केलीस भाजी?" विचारलं. उज्ज्वलाने सांगितलं, दोडका. तनू म्हणाली, "मला नको दोडका." ते तिचं आमच्याशी शेवटचं बोलणं. दोडका.

गुरुवारी सकाळी मी झोपेत असताना फोन वाजला. शेजारचा अंकुश होता, गावाकडचा. "नवनाथ, तनूला फिट आलीय. थांबंना झालीय. जीप केलीय, बार्शीला निघालोय. तुमी या." मागे आईचा आवाज येत होता. ती तनूला हाका मारत होती.

मी उज्ज्वलाच्या कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमनने आत निरोप दिला. ती लाइनवरून तशीच आली, डोक्याला निळी टोपी, बोटांना चिकटपट्ट्या. मी सांगितलं, आणि ती तशीच माझ्याबरोबर निघाली. सोलापूरच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "औषध वाढवूनसुद्धा कशी आली हो?"

"मला कसं कळणार?"

"वाढवल्यामुळेच तर आली नसेल?"

मी म्हटलं, असं होत नसतं. खरं तर होतं की नाही, ते मला तरी कुठं ठाऊक होतं. टेंभुर्णीला उतरून बार्शीची गाडी धरली. प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, उतरत होती, कंडक्टर एका म्हाताऱ्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. पदराचा बोळा करून तोंडाशी धरलेला. अंकुश चहा आणायला गेला होता. काचेतून तनू दिसत होती. नाकात नळी, हाताला सुई, केस कपाळाला चिकटलेले. फिट थांबली होती. थांबायला फार वेळ लागला होता. उज्ज्वला काचेला कपाळ लावून उभी राहिली.

डॉक्टर बाहेर आले. बुटके, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. आम्हाला तिघांना खोलीत बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "औषध बंद कधी केलं?"

उज्ज्वला म्हणाली, "बंद नाही केलं, सर. उलट रविवारी तुम्हीच वाढवलंत ना."

"मी?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी काही वाढवलं नाही. मी होतं तेवढंच ठेवलं होतं. पोरगी चांगली आहे, पुढच्या खेपेपासून कमी करू, असं म्हणालो होतो. या आजींनाच सांगितलं."

उज्ज्वला माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर आईकडे वळले. "आजी, औषध देत होता का नाही तुम्ही?"

"कुठनं देऊ साहेब?" आई म्हणाली. "वाढलं हुतं की. शनवारी सांजच्यालाच वाढलं. तुमी चिठ्ठी दिली ती घिऊन समदी दुकानं फिरले. कुटंच न्हाई. येनार हाय म्हनले पुढच्या आठवड्यात. म्हनून तर हिला फोनवर सांगितलं, औषध वाढलंय, तिकडनं बगा."

"माघारी येऊन मला सांगायचं ना."

"शेवटची गाडी गेली असती की साहेब."

"आत्या," उज्ज्वला म्हणाली, "वाढलं होतं तर जास्त द्यायचं ना. बंद का केलं?"

"वाढल्यावर काय देऊ गं?"

"म्हणजे काय? वाढलं म्हणजे..."

"वाढलं म्हंजी वाढलं. बाटलीत थेंब नव्हता."

डॉक्टरांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. उज्ज्वलाला वाटलं आई खोटं बोलतेय. आणि आईला वाटलं हे दोघं शिकलेले असून इतकं सोपं कसं कळत नाही. ती माझ्याकडे बघत होती, तू तरी सांग म्हणून.

मला कळलं होतं. ज्या क्षणी आई "बाटलीत थेंब नव्हता" म्हणाली त्याच्याही आधी, "कुठनं देऊ" म्हणाली तेव्हाच कळलं होतं. आमच्या घरात संपलं हा शब्दच नव्हता. मीठ संपलं, तेल संपलं, तांदूळ संपले, असं कोणी म्हणायचं नाही. अभद्र बोलू नये, घरातलं खरंच जातं. मीठ वाढलं म्हणायचं. हातातली काकणं फुटत नाहीत, वाढतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. लहानपणी एकदा मी डबा हलवून "साखर संपली" म्हणालो, तर आईने चमचा फेकून मारला होता. गावात राहणाऱ्याला ते सांगावंही लागत नाही. पण उज्ज्वला वसतिगृहात मोठी झाली. तिथं स्वयंपाकघरातला आचारी दारातून ओरडायचा, भाजी संपली, पोळ्या संपल्या, आता या उद्या. तिच्या कानावर हे कधी पडलंच नव्हतं. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण त्यातलं सासूबरोबर एका चुलीवर ती राहिली किती, सणावाराचे चार दिवस.

आणि मी दोघींच्या मधला. ते आईच्या तोंडून माझ्या कानावर पडलं असतं तर तिथल्या तिथं मी मेडिकलात गेलो असतो. चाकणला ते औषध कुठल्याही दुकानात मिळत होतं. पण आईचा शब्द मला उज्ज्वलाच्या तोंडून आला, आणि येताना तिचा अर्थ घेऊन आला.

काही बोलावं का नाही, असं मला क्षणभर झालं. बोललो तर उज्ज्वला काय होऊन बसेल ते मला दिसत होतं. न बोललो तर आई गुन्हेगार ठरत होती.

"सर," मी म्हटलं, "आमच्याकडे संपलं म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "आमच्या घरातही कुंकवाला असंच म्हणतात." चष्मा घालून ते उठले आणि तनूला बघायला गेले. ते आम्हाला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

उज्ज्वला खुर्चीत ताठ बसली होती. "म्हणजे रविवारी तुम्ही मला सांगत होतात की औषध संपलं?" ती आईला म्हणाली.

"हां."

"आणि मंगळवारी मी तुम्हाला म्हणाले, आहे तसं चालू द्या."

"तसंच म्हनलीस. मला वाटलं, डाक्टर तर म्हनलेच हायत कमी करायचं, तू शिकलेली हाईस, तुला म्हाईत आसंल चार दिस न्हाई दिलं तर चालतंय."

"मग सरळ संपलं म्हणायचं ना, आत्या."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिला तो प्रश्नच समजला नाही.

"असं कसं म्हनू?" ती म्हणाली. "लेकराचं औषध हाय ते."

उज्ज्वला उठून बाहेर गेली आणि परत त्या काचेपाशी उभी राहिली. आई जागीच बसली होती. थोड्या वेळाने मला म्हणाली, "नवनाथा, म्या काय चुकीचं बोलले का रं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग ती चुकली का?" मी म्हटलं, नाही, ती पण नाही. "मग रं?" आई म्हणाली.

मला कोणावर तरी ओरडायचं होतं. इतकं भरून आलं होतं की कोणी समोर असता तर मी गचांडी धरली असती. पण समोर कोणी नव्हतंच. आईने सांगायचं ते सांगितलं होतं. उज्ज्वलाने ऐकलं तेच धरलं होतं. देवाला शिव्या घालाव्यात तर आई त्याच्याच भीतीने ते तसं बोलली होती.

तनूने तीन-चार दिवसांनी डोळे उघडले. उज्ज्वला तिच्या तोंडाशी तोंड नेऊन हाका मारत होती. तनू छताकडे बघत होती. उजवा हात हलत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मेंदूला फार वेळ त्रास झालाय. जीव वाचला हेच मोठं. चालेल का, बोलेल का, आज सांगता येत नाही, पण तुम्ही फार आशा धरू नका. मी म्हटलं, थोडी धरली तर? ते म्हणाले, तुमची मर्जी. वाईट माणूस नव्हता, पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

घरी सोडायचा दिवस आला तेव्हा खरा प्रश्न पुढं आला. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसलो होतो. तनू उज्ज्वलाच्या मांडीवर. तिची मान धरावी लागत होती, तान्ह्या पोरासारखी.

आई म्हणाली, "तुमी न्या लेकराला. माझ्याकडं नका ठिवू आता. मला भ्या वाटतंय."

उज्ज्वला म्हणाली, "नेऊन कुणाकडे ठेवू?"

"तू ऱ्हा की घरी."

"मी घरी बसले तर हिचं औषधपाणी कसं होणार? हिचा दवाखाना माझ्या कंपनीच्या विम्याच्या कार्डावर आहे. यांच्या कंपनीत तेवढंही नाही, हे कंत्राटी. नोकरी सोडली की कार्ड गेलं."

"मग बाई ठिवा एकांदी."

"पाळणाघराच्या बाईंनी नुसतं फिट म्हटल्यावर दार लावलं. अशा मुलीला कोण घेणार आहे?" उज्ज्वला बोलत होती ती आईकडे न बघता, तनूच्या कपाळावरचे केस मागे सारत. "तुम्हालाच यावं लागेल. चाकणला."

"म्या?"

"मग कोण? दुसरं आहे कोण आपल्याला?"

त्यात माया नव्हती. माफी नव्हती. राग असता तरी मला चाललं असतं, तोही नव्हता. रोज सकाळी कंपनीची बस धरायची तर पोरगी कोणाच्या तरी हातात द्यायला लागते, आणि ते हात आमच्याकडे एकाच माणसाचे होते. जिच्या शब्दाने घात झाला तिच्याच हातात ती परत द्यायची होती. आणि आईलाही तोच घात हातात धरून बसायचं होतं, दिवसभर, रोज.

आईने गावचं घर बंद केलं. शेळ्या अंकुशकडे दिल्या. एका पिशवीत लुगडी आणि जात्याजवळची देवाची तसबीर घेऊन ती चाकणला आली. तनूही आली. उज्ज्वलाने भिंतीला लागून टाकलेल्या त्या गादीवर ती झोपायला लागली.

मी हे सांगतोय त्याला आता आठ-नऊ वर्षं होऊन गेली. तनू बारा वर्षांची झाली. बोलत नाही. बसवली तर बसते, उशा लावून. भूक लागली की एक आवाज काढते, झोप आली की दुसरा, आणि आई खोकली की हसते. का हसते कुणास ठाऊक, पण खोकल्याचं तिला फार हसू येतं, आणि पुष्कळदा आई तिच्यासाठी खोटंखोटं खोकते. फिट अजून येतात, औषधं बदलत राहतात. ती औषधं उज्ज्वला स्वतः आणते, स्वतः भरते, आणि कंपनीत जाताना मापून ठेवून जाते. आई फक्त पाजते. त्या दोघी भांडल्याचं मला आठवत नाही. बोलतात, पण कामापुरतं. जेवली का, शी झाली का, पाय आखडले होते का. संध्याकाळी उज्ज्वला आली की आई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते, आणि तनूला झोप लागेपर्यंत आत येत नाही.

गेल्या महिन्यात आई मोरीत पडली. हाड मोडलं नाही, पण खांदा सुजला आणि त्या निमित्ताने तपासणी झाली. हृदय मोठं झालंय म्हणाले, जड उचलायचं नाही. आमच्या घरात जड म्हणजे तनूच. सकाळी तिला मोरीत न्यायची, धुवायची, कपडे बदलायचे, परत आणायची. हे आई रोज एकटी करायची. आता तनू तिच्यापेक्षा उंच झालीय, आणि पहिल्या पाळीची वेळही जवळ आलीय, हे उज्ज्वला मला एकदा हळूच बोलली.

परवा मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो. उज्ज्वलाने त्या दिवशी आईच्या दुखण्यासाठी रजा टाकली होती. दार लोटलेलं होतं. मी बाहेर बूट काढत होतो. आत तनू भिंतीला टेकून बसली होती. आई डाव्या हाताने तिला वरणभात भरवत होती, कारण उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. उज्ज्वला तनूच्या गळ्यातला फडका धरून बसली होती, सांडेल ते टिपायला.

आई म्हणाली, "पोरी, तुला सांगू का. रागाव पायजे तर. म्या रोज देवाला एकच मागते."

उज्ज्वला फडका सारखा करत होती.

"म्हनते, माझ्या आदी हिला ने. मला मागं ठिव, हिचं समदं करते, मग मला ने. पन हिला मागं ठिवू नको."

मी बुटाची नाडी हातात धरून तसाच थांबलो. आता उज्ज्वला उठेल असं मला वाटलं. इतक्या वर्षांचं आत साठलेलं सगळं आता बाहेर येईल, माझ्या पोरीचं मरण मागता का, अजून काय काय, आणि मला वाटलं येऊ दे एकदाचं.

उज्ज्वलाने तनूच्या हनुवटीवरचं वरण टिपलं. फडक्याची घडी उलटी केली.

"मी पण तेच मागते, आत्या," ती म्हणाली. "फक्त मी म्हणते, माझ्या आधी."

आईने मान हलवली. मग तिने पुढचा घास केला, आणि तनूने तोंड उघडलं.